सुप्याचे रोखे आणि कार्डाचे बिल

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावच्या बाजारात, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि त्यांनी गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लागल्या, आणि पुढच्या दिवसांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचले. सरकारने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली तेव्हा एक गोष्ट गावोगाव सारखीच आढळली. जमावाला हवे होते ते कागद: खते, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने बाहेर आणून दिले की त्यांची होळी होई आणि माणसे बहुधा परत फिरत; नकार मिळाला तरच हात उगारला जाई. तिजोरी सोडून कागद मागणाऱ्या या लोकांना आपल्या कर्जाचे मर्म नेमके कळले होते, असे मला वाटते. व्याजाचा दर जाचक होताच, पण त्यांना बुडवत होती ती हिशेबाची रचना. ज्या खात्यात भरणा होत राहतो आणि मुद्दल मात्र जागचे हलत नाही, त्या खात्यातून सुटायला कमी दरही पुरत नाही. आज पहिले क्रेडिट कार्ड हाती येणाऱ्या तरुणाला दराचा आकडा सगळे सांगतात, त्याला घाबरायलाही सांगतात. खात्याच्या रचनेबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्या रचनेचा इतिहास मराठी मुलखाने स्वतः भोगलेला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करणे बरे.

इंग्रजांच्या रयतवारी पद्धतीत शेतकऱ्याला जमिनीचा सारा रोखीने आणि ठरल्या तारखांना भरावा लागे. पाऊस लांबला म्हणून तारीख लांबत नसे, त्यामुळे सावकाराशी असलेला अडीनडीचा संबंध बारमाही झाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इकडे भाव चढले आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हाताने उचल मिळू लागली. युद्ध संपले, भाव पडले, पत आटली. त्यातच १८६७पासूनच्या फेरआकारणीत साऱ्याचे दर चढवले गेले. ही कारणे शालेय पुस्तकांतही सापडतात. माझ्या मते त्यांच्याइतकेच वजन १८५९च्या मुदतीच्या कायद्याला दिले पाहिजे. साध्या रोख्यावरून दावा लावायला या कायद्याने तीन वर्षांची मुदत घातली. व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी कुळाकडून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि जुन्या खताचे मुद्दल व त्यावरचे थकलेले व्याज मिळून नव्या खताचे मुद्दल होऊ लागले. दर शेकडा दरमहा दोन रुपये धरून पाहा. १०० रुपयांचे तीन वर्षांनी १७२ होतात, सहा वर्षांनी २९६, नऊ वर्षांनी ५०९, बारा वर्षांनी ८७५. त्याच दराने बारा वर्षांचे सरळ व्याज धरले तर एकूण देणे ३८८ भरते. दर दोन्हीकडे तोच आहे. मधले ४८७ रुपये खत बदलण्याच्या रिवाजातून आले. आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारलेले निघाले. दिलेल्या पैशाची पावती बहुधा मिळत नसे. कुळ कोर्टात हजर होत नसे, म्हणून कितीतरी दावे एकतर्फी निकाली निघत. आणि हजर झाले तरी न्यायाधीशापुढे असे ते फक्त शेवटचे खत, त्यावरची कुळाची निशाणी, आणि त्यात लिहिलेली रक्कम. ती रक्कम कशी तयार झाली, हे विचारण्याची सोय कायद्यात नव्हती.

इथे कोणी म्हणेल की आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, मग हे घडलेच कसे? प्रश्न रास्त आहे. धर्मशास्त्रात, मनुस्मृतीतही, व्याज मुद्दलाच्या बरोबरीपलीकडे जाऊ नये असे बंधन आहे आणि मुंबई इलाख्यातली इंग्रजी न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ते मानत असत. पण या नियमाची कक्षा बारकाईने पाहिली पाहिजे. बंधन होते ते एकाच वेळी वसूल करायच्या थकीत व्याजावर. थोडे थोडे करून वर्षानुवर्षे घेतलेल्या व्याजाच्या एकूण बेरजेला ते लागू नव्हते. शिवाय दोघांच्या संमतीने नवे खत झाले आणि व्याज मुद्दलात मिळाले, की दामदुपटीची मोजणी या नव्या, फुगलेल्या मुद्दलावरून सुरू होई. म्हणजे जो सावकार दीर्घकाळ काहीच वसूल न करता एकदम मोठी रक्कम मागायला येई, त्याला हा नियम अडवत असे. जो दर सुगीला थोडे घेऊन बाकी पुढे ओढत असे, त्याच्या वाटेत तो येतच नसे. आपल्या परंपरेतला हा सर्वांत न्याय्य नियम, आणि त्याचेही लक्ष साचलेल्या थकबाकीवर होते; फिरत राहणाऱ्या खात्यावर नव्हते. दामदुपट परत आणा, अशी मागणी क्रेडिट कार्डांच्या संदर्भात अधूनमधून ऐकू येते. ती ऐकताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा आहे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२मध्ये लिहिलेल्या निबंधात १८७५च्या या दख्खनच्या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेले आहे असे मांडले: दंगा मर्यादित भागात झाला, थोड्या दिवसांत शमला, आणि जमिनी शेतकऱ्यांकडून सावकारांकडे गेल्याचे चित्र रंगवले गेले तितके भीषण नव्हते. रवींदर कुमार यांनी त्याआधी, १९६८च्या ग्रंथात, या दंग्यांकडे ग्रामीण समाजात झालेल्या खोल बदलांचे लक्षण म्हणून पाहिले होते. या वादात मला चार्ल्सवर्थ यांचा दंग्याच्या आकाराबद्दलचा मुद्दा मान्य करायला अडचण वाटत नाही. प्रस्तुत युक्तिवाद दंगा केवढा होता यावर उभा नाही. लोकांनी काय जाळले आणि सरकारने त्यानंतर कायद्यात काय बदलले, यावर तो उभा आहे. उलट, जमिनीचे हस्तांतर कमी झाले असेल तर माझा मुद्दा बळकटच होतो. कोरडवाहू जमीन ताब्यात घेऊन ती कसवून घेण्यापेक्षा कुळाला जमिनीवर ठेवून त्याच्याकडून दरवर्षी पीक घेत राहणे सावकाराला किफायतीचे होते. कर्ज पूर्ण फिटले तर कुळ सुटणार. कर्ज पूर्ण बुडाले तर जमिनीची उस्तवार गळ्यात पडणार. खरा फायदा या दोन्हींच्या मध्ये होता.

दंग्यानंतर चार वर्षांनी झालेला १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. मला तो भारतातल्या कर्जविषयक कायद्यांतला सर्वांत विचारपूर्वक केलेला कायदा वाटतो. त्याने शेतकऱ्याची कर्जापायी होणारी कैद बंद केली, गावपातळीवर दस्त नोंदवण्याची आणि तडजोडीची व्यवस्था आणली. पण त्याचा गाभा वेगळाच आहे. खतात लिहिलेली रक्कम प्रमाण मानू नका, खताच्या मागे जा, असे त्याने न्यायाधीशांना सांगितले. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास काढायचा, मुद्दलाचा हिशेब वेगळा आणि व्याजाचा वेगळा मांडायचा, मध्ये मुद्दलात ढकललेले व्याज बाहेर काढायचे, व्याजावर व्याज धरायचे नाही, आणि मग खरे देणे किती ते ठरवायचे. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा देण्याचा अधिकारही कोर्टाला मिळाला. याशिवाय शेतकऱ्याला तीन हक्क दिले गेले: दिलेल्या पैशाची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा, आणि मागितल्यास पासबुकात नोंद करून मिळण्याचा हक्क. महादेव गोविंद रानडे यांनी १८८०च्या दशकात याच कायद्याच्या अंमलबजावणीचे काम केले आणि १८८७मध्ये ते त्याखालचे विशेष न्यायाधीश झाले. कोरड्या आकडेमोडीला न्यायदानाचा दर्जा देणारे हे काम त्यांच्या सामाजिक सुधारणांच्या कीर्तीत झाकले गेले आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

कायदा पुरा पडला असे मात्र म्हणता येत नाही. गहाणखताच्या मागे कोर्ट जाते असे दिसल्यावर सावकारांनी गहाण सोडून थेट विक्रीची खते लिहून घ्यायला सुरुवात केली; पैसे फेडले की जमीन परत, हा करार तोंडी राही. काहींनी कर्ज देणेच आखडते घेतले. सावकाराची बाजूही ऐकली पाहिजे. पाऊस बेभरवशाचा, तारण कमकुवत, वसुलीचा खर्च मोठा. कमी दराने कोणी का द्यावे? या प्रश्नाला उत्तर म्हणून रानडे आणि इंग्रज सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारने तिला अनुकूलता दाखवली, पण लंडनहून ती फेटाळली गेली, आणि पतपुरवठ्याचा दुसरा मार्ग उघडायला १९०४च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. दराला किंवा दस्ताच्या प्रकाराला हात घातला की धनको वळसा घालतो किंवा दार लावून घेतो. पावती, वार्षिक उतारा, मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवण्याची सक्ती या गोष्टींना वळसा घालणे त्याला अधिक अवघड जाते, आणि त्या पाळल्याने त्याचा धंदाही बंद पडत नाही. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने आणि पुढे २०१४च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ही हिशेबाची शिस्त परवानाधारक सावकारांवर घातली, ती याच वाटेने. बँका त्या कायद्यांच्या बाहेर राहिल्या.

क्रेडिट कार्ड जन्माला आले ते अमेरिकेत, आणि पहिल्या रूपात त्यात हा धोका नव्हता. १९५०मध्ये न्यूयॉर्कात सुरू झालेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावर महिन्याचे बिल महिन्यालाच पूर्ण भरावे लागे. ती उधारी होती, पण मिटण्याची तारीख ठरलेली उधारी. सप्टेंबर १९५८मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर पाठवली, तेव्हा रचना बदलली. या कार्डाचे बिल पूर्ण भरण्याची सक्ती नव्हती. थोडा भाग भरला की उरलेली रक्कम दरमहा दीड टक्का व्याजाने पुढच्या महिन्यात सरके, आणि खाते चालू राही. सुरुवातीला बँकेचे हात पोळले: चार टक्के खाती थकतील असा अंदाज होता, थकली बावीस टक्के. पण रचना टिकली आणि जगभर पसरली. अमेरिकेतल्या राज्यांत व्याजाच्या कमाल मर्यादा होत्या. १९७८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, बँक जिथली असेल तिथल्या राज्याचा दर ती देशभर आकारू शकते, असा निकाल दिला आणि लवकरच सिटी बँकेने आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कमधून साउथ डकोटात नेला, कारण त्या राज्याने मर्यादा उठवली होती. दराच्या कुंपणाला वळसा पडला तो असा. त्याच सुमारास आणि पुढे दरमहा भरायची किमान रक्कम, जी एकेकाळी बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असे, ती अनेक बँकांनी दोन टक्क्यांपर्यंत खाली आणली. ग्राहकाला ही सवलत वाटली. परिणाम असा की काही खात्यांत किमान रक्कम भरूनही मुद्दल हलेना, आणि २००३मध्ये अमेरिकी नियामकांना सांगावे लागले की किमान रकमेतून व्याज आणि शुल्क तर वसूल व्हावेच, मुद्दलही थोडे उतरावे.

भारतात बँकेचे कार्ड आले ते १९८०मध्ये, मुंबईच्या सेंट्रल बँकेच्या सेंट्रलकार्डाच्या रूपाने. २०२४च्या सुरुवातीला देशातल्या चालू क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींवर गेली. पहिल्यांदा कार्ड घेणाऱ्याची गफलत जिथे होते, ती जागा आधी पाहू. कार्डावरच्या खरेदीला ४५–५० दिवसांपर्यंत व्याज नाही, हे खरे आहे, पण ही सवलत सशर्त आहे: बिलाची पूर्ण रक्कम ठरल्या तारखेपर्यंत भरली पाहिजे. समजा ३ जूनला २०,००० रुपयांची खरेदी झाली, १५ जूनला बिल निघाले, भरण्याची शेवटची तारीख ५ जुलै. त्या दिवशी १९,००० भरले आणि १,००० ठेवले. नव्या कार्डधारकाला वाटते की आता व्याज हजार रुपयांवर. प्रत्यक्षात सवलतच रद्द होते आणि व्याज मोजले जाते ते २०,००० रुपयांवर, ३ जूनपासून ५ जुलैपर्यंत, ३२ दिवसांचे. अनेक बँकांचा थकबाकीचा दर दरमहा ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के असतो. ४२ टक्क्यांनी हे व्याज सुमारे ७३६ रुपये भरते, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. पुढे हजार रुपयांवरचे व्याज चालू राहतेच. शिवाय बाकी शिल्लक आहे तोवर नव्या खरेदीलाही सवलतीचे दिवस मिळत नाहीत. भाजी, पेट्रोल, मोबाईलचे रिचार्ज, सगळ्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते. हे बेकायदा नाही, अटींत लिहिलेले असते. पण शेवटचा आकडा पाहून तो कसा बनला हे ओळखता येत नाही, आणि १८७९च्या न्यायाधीशाला नेमके हेच शोधून काढायला सांगितले होते.

आता किमान रक्कम. ५०,००० रुपयांची बाकी आहे, नवी खरेदी पूर्ण थांबवली आहे, व्याज दरमहा ३.५ टक्के, आणि किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के, असे धरू. पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५, मिळून २,०६५. किमान रक्कम २,५००. म्हणजे मुद्दलात पडतात ४३५ रुपये. पुढच्या महिन्यात बाकी किंचित कमी, म्हणून किमान रक्कमही किंचित कमी, आणि मुद्दलात पडणारा भागही तितकाच आक्रसलेला. या गतीने बाकी निम्म्यावर, २५,०००वर, यायला ७९ महिने लागतात: साडेसहा वर्षे. तोवर भरणा होतो सुमारे १,४३,००० रुपयांचा. त्यातले निव्वळ व्याज एक लाखाच्या वर, मूळ बाकीच्या दुप्पट, आणि २५,००० अजून देणे आहेतच. या काळात एकदाही हप्ता चुकलेला नाही. बँकेच्या दृष्टीने हा उत्तम ग्राहक आहे. आणि दामदुपटीचा नियम लावून पाहिला तर त्याचाही भंग नाही, कारण कोणत्याही एका महिन्यात थकलेले व्याज मुद्दलाच्या जवळपासही पोचत नाही. दर सुगीला थोडे घेऊन कुळाला जमिनीवर ठेवणाऱ्या सावकाराचे गणित इथे बिलावरच्या एका ओळीत, आणि तेही सवलत म्हणून, छापलेले आहे.

ही तुलना अन्यायाची आहे असे म्हणणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला, रयतेने कर्ज काढले ते सारा भरायला आणि पोटासाठी. कार्डधारक खर्च करतो तो हौसेने. हे सरसकट खरे नाही, कार्डावर दवाखान्याची बिले आणि मुलांची फीही जाते. पण खरे मानले तरी त्याने खात्याचे गणित बदलत नाही. ४३५ रुपये ४३५च राहतात, मूळ खर्च औषधाचा असो की सहलीचा. दुसरा मुद्दा, बँकेचे कर्ज विनातारण असते, बुडीत जाते, म्हणून दर चढा. यात तथ्य आहे आणि म्हणूनच मी दर खाली आणा एवढ्यावर थांबत नाही. जोखमीची किंमत दरात येऊ शकते. फेडीची मुदत अस्पष्ट ठेवण्याचे समर्थन जोखमीने होत नाही, कारण लांबलेली फेड ही धनकोसाठीही जास्त काळ अंगावर राहणारी जोखीम आहे. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे: कुळ निरक्षर होते, त्याला पावती मिळत नव्हती, कार्डधारकाला दरमहा छापील हिशेब मिळतो. मान्य. १८७९मध्ये मोठ्या प्रयासाने कायद्यात आलेले हक्क आज फोनवर आपसूक येतात आणि ही फार मोठी कमाई आहे. फक्त तो कागद आज काय देणे आहे ते सांगतो. अशाच भरण्याने ते कधी मिटेल, ते सांगत नाही. अमेरिकेने २००९च्या कार्डविषयक कायद्याने ही उणीव भरून काढली. तिथे बिलावर दोन गोष्टी छापाव्या लागतात: फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर किती काळ लागेल आणि एकूण किती जाईल, आणि ३६ महिन्यांत मिटवायचे असेल तर दरमहा किती भरावे लागेल.

आपल्याकडच्या कायद्याची वाट वाकडी गेली आहे. १९८४मध्ये बँकिंग नियमन कायद्यात घातलेल्या २१अ कलमाने, व्याजाचा दर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्टाने पुन्हा उघडू नये असे ठरवले. १८७९मध्ये दिलेली खताच्या मागे जाण्याची मुभा बँकांच्या बाबतीत या अंगाने बंद झाली. जुलै २००८मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डांवर वार्षिक ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि दरमहा व्याज मुद्दलात मिळवण्यालाही आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतले काम, आयोगाचे नव्हे, असा त्याचा आशय. निकालाने अनेकजण निराश झाले. दराच्या लढाईपुरती ती निराशा समजण्यासारखी आहे. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले तर त्याआधीच, एप्रिल २०२२च्या निर्देशांत, रिझर्व्ह बँकेने बरेच काही दिले होते. किमान रक्कम अशी असावी की ती भरूनही बाकी वाढत गेली असे होऊ नये. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवू नये. विलंबशुल्क तारीख उलटून तीन दिवस झाल्यावरच, आणि तेही तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच मोजावे. न मागितलेले कार्ड कोणाच्या गळ्यात मारू नये. फक्त किमान रक्कम भरल्यास फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, हा इशाराही बिलावर ठळक द्यावा. यातल्या शुल्काच्या नियमात १८७९च्या कायद्याचीच दृष्टी आहे: जे मुद्दल नाही त्याला मुद्दल होऊ देऊ नका. कमतरता एवढीच की इशारा शब्दांत आहे. ‘वर्षानुवर्षे’ या शब्दाने कोणाचा हात थांबत नाही. ७९ महिने हा आकडा वाचून थांबू शकतो. हा आकडा काढायला बँकेच्या संगणकाला क्षणही लागत नाही, आणि तो प्रत्येक बिलावर छापायला लावणे हे दराच्या मर्यादेपेक्षा सोपे आणि वळसा घालायला अवघड पाऊल ठरेल.

तो छापला जाईपर्यंत कार्डधारकाने आपले बिल जुन्या विशेष न्यायाधीशासारखे वाचावे. एकूण देय रकमेवरून नजर हटवून आधी तीन ओळी शोधाव्यात: खरेदी किती, व्याज किती, शुल्क आणि कर किती. मागच्या महिन्यात भरलेल्या रकमेतून व्याज आणि कर वजा करून मुद्दलात काय पडले ते काढावे. पूर्ण बिल भरणे शक्य असेल तर बाकीचे सगळे प्रश्नच उरत नाहीत. कार्ड मग १९५०च्या उधारीइतके निरुपद्रवी असते. शक्य नसेल तर १८७९च्या कोर्टाने हप्ते बांधून दिले असते तसे आपणच बांधून घ्यावेत. वरचेच ५०,००० रुपये, तोच ४२ टक्के दर, तोच जीएसटी. पहिल्या महिन्याची किमान रक्कम २,५०० होती. बिलावरची किमान रक्कम दरमहा उतरत जाईल. तिच्यामागे न जाता तेच २,५०० रुपये दरमहा भरत राहिले, नवी खरेदी त्या कार्डावर केली नाही, तर संपूर्ण बाकी ४४व्या महिन्यात शून्य होते आणि एकूण भरणा सुमारे १,०८,००० रुपयांचा होतो. दरमहा २,७०० भरले तर ३६ महिन्यांत.